मापवहीतलं जुनं पान

४ ऑक्टोबर

आज मला पंचावन्न वर्षं पूर्ण झाली आणि आजच, भर दुकानात, माझी पँट फाटली. शाळेचे हेडमास्तर सूटचं माप द्यायला आले होते. पायाचं माप घ्यायला मी वाकलो आणि मागची शिवण टर्रकन उसवली. हेडमास्तर सभ्य माणूस, पण त्यांच्याही तोंडून निघून गेलंच, "मास्तर, ही कुठल्या टेलरची शिलाई?" मी हसलो. पाठ भिंतीला लावून उरलेली मापं कशीबशी घेतली. ते गेल्यावर शटर अर्धं ओढून स्टुलावर बसून राहिलो. तीस वर्षं लोकांची पोटं झाकून दिली आणि माझंच असं उघडं पडलं.

शिलाईचा दोष नव्हता. ती पँट तीनदा सोडून झाली आहे. शिवणीत जी काही माया ठेवली होती ती संपली, आता सोडायला कापडच नाही.

मुलीने वाढदिवसाला ही डायरी पाठवली. पहिल्याच पानावर छापलंय, ‘आरोग्य आणि आनंद : माझी उद्दिष्टं’, आणि खाली पाच रेघा. फोनवर म्हणाली, "बाबा, खरं खरं लिही हं. कोणी वाचणार नाहीये." तर लिहिलं. कंबर बेचाळीसची अडतीस करायची. रोज तळ्याभोवती पाच फेऱ्या. साखर बंद, पाणी आठ ग्लास. चिडायचं नाही. पाचवी रेघ बराच वेळ रिकामी होती. शेवटी लिहिलं, ‘एका माणसाला मनापासून आनंद द्यायचा.’ कोणाला ते उद्या ठरवू.

खरं लिहायचं आहे म्हणून सांगतो, कंबर मोजताना टेप जरा आवळून धरली होती.

७ ऑक्टोबर

सकाळी तळ्यावर गेलो. ही पण आली. दुसऱ्या फेरीलाच बाकावर टेकली. "तुम्ही व्हा पुढे, मी बसते जरा." मला राग आला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याच नव्या गोष्टीत हिने कधी दुसरी फेरी पूर्ण केली नाही. तरी बोललो नाही. चौथं उद्दिष्ट पाळलं. तिला थोपटल्यासारखं करून पुढे गेलो आणि तीन फेऱ्या झाल्यावर तिच्यासमोर उगीचच जोरजोरात धापा टाकल्या.

१२ ऑक्टोबर

घरात साखर बंद म्हणजे सगळ्यांना बंद, असं मी जाहीर केलं. सगळे म्हणजे आम्ही दोघंच. उकडलेल्या भाज्या, सूप, कोरडा ब्रेड. मला तिसऱ्याच दिवशी स्वप्नात बिस्किटं दिसली. ही मात्र मुकाट्याने खाते, अर्धं ताटात ठेवून उठते. पाण्याचं उद्दिष्ट माझं, पण पूर्ण करते ही! पाण्याचा जग जवळ घेऊनच बसते. मी आठ ग्लास कसेबसे ढकलतो, हिचे दुपारपर्यंतच तेवढे होत असतील.

आणि काही न करता बारीक होते आहे! चालत नाही, मोजत नाही, आणि गाल आत गेलेत. लिहायला लाज वाटते, पण मला तिचा हेवा वाटला. आज आरशासमोर मी पोट आत ओढून उभा होतो, ती मागून गेली, आणि क्षणभर मला वाटलं, ही मुद्दाम करते.

१६ ऑक्टोबर

आज चौथं उद्दिष्ट धुळीला मिळवलं.

हातची काजं ही घरी करते. लग्नापासून. आमच्या दुकानाचं नाव आहे ते तिच्या काजांमुळे, मी तोंडावर कबूल करत नाही एवढंच. हेडमास्तरांचा कोट घेऊन ती दुपारी दुकानात आली तेव्हा ते स्वतः तिथे बसले होते. कोट उलगडला तर तिन्ही काजं वाकडी. एकाचा टाका निसटलेला. मी गिऱ्हाइकादेखत ओरडलो, "मन कुठे असतं गं तुझं? हे असं काम द्यायचं का लोकांना?"

तिने कोट घडी करून परत पिशवीत घातला. "दोरा ओवायलाच वेळ लागतो हल्ली. एका सुईच्या दोन दिसतात."

"पंचावन्न मला पूर्ण झाली आणि म्हातारी तू झालीस," मी म्हटलं. हेडमास्तर हसले नाहीत. चपलेकडे बघत राहिले. बाईमाणसाला चारचौघांत बोललो याची लाज मला संध्याकाळी वाटली, तेव्हा वाटायला हवी होती.

तिला म्हटलं, शेजारी चष्मेवाल्याकडे जा, नंबर बदलून घे. तेवढं तरी केलं.

२१ ऑक्टोबर

पाच फेऱ्या. गुडघा दुखतो. ही आता सरळ बाकावरच बसते. दर फेरीला मी समोरून गेलो की हात करते, मी पण करतो. एवढ्यापुरतं बरं वाटतं.

घरी आलो तर माझी तपकिरी पँट तिच्या मांडीवर. खिडकीपाशी अगदी नाकाला लावून काहीतरी टाचत होती. "हुक सैल झाला होता," म्हणाली. म्हटलं, डोळे दुखतात ना, मग कशाला? तर म्हणाली, "हे जमतंय मला."

२९ ऑक्टोबर

आजचा दिवस सोन्याचा! तपकिरी पँट चक्क सैल झाली. हुक लावून आत पूर्ण पंजा गेला. मी तो पाच-सहा वेळा घालून पाहिला. टेपवर अजून एवढं दिसत नाही, पण टेपचं काय, श्वासावर असतं. पँट खोटं बोलत नाही. दुकानात दिवसभर शिट्टी वाजवत होतो. दोन गिऱ्हाइकांना, त्यांनी विचारलं नसताना, पाच फेऱ्यांचा उपदेश केला.

संध्याकाळी चष्मेवाला आत आला. म्हणाला, "मास्तर, वहिनींचा नंबर दर खेपेला वेगळा येतोय. मी आत्ता चष्मा करून देणार नाही. आधी रक्तातली साखर बघून घ्या म्हणावं. लवकर." मला वाटलं, चांगल्या काचा आल्या नसतील, म्हणून टोलवतोय. जेवताना हिला सांगेन. त्यालाही पँटमध्ये पंजा घालून दाखवला. मान डोलावली त्याने.

मुलीला फोन केला. अर्धा तास पँटबद्दलच बोललो.

२ नोव्हेंबर

पाचव्या रेघेवरचा माणूस ठरला. हिचा थंडीचा कोट किती वर्षांचा आहे देव जाणे, कोपरांना ठिगळं आहेत. शिंप्याची बायको! नवा शिवायचा. गडद निळं कापड, माझ्या कपाटात जपून ठेवलेलं. गुपचूप शिवायचा असल्यामुळे माप घेता येणार नाही. घ्यायची गरजही नाही. मापवहीत तिचं पान आहे, अकरा वर्षांपूर्वीचं. छाती छत्तीस, खांदा साडेचौदा. घरच्या माणसाचं माप हातालाच पाठ असतं.

९ नोव्हेंबर

दिला. तोंड काळं झालं माझं.

सात दिवस रोज दुकान बंद केल्यावर तासभर जास्त बसून शिवला. अस्तर रेशमी. कॉलरची इस्त्री अशी, की हेडमास्तरांनाही दिली नसती. तिने हात आत घातले आणि कोट नुसता लोंबला. खांदे दंडावर उतरले. पुढे बटणं लावली तर आत अजून एक बाई मावेल. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तीस वर्षांत माझा एवढा चुकलेला कोट दुकानाबाहेर गेला नाही.

"छान आहे हो," ती म्हणाली. "आत स्वेटर घालीन की." कापडावरून हात फिरवत होती. "किती दिवसांनी शिवलंत माझ्यासाठी."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाटलं माझी कीव येते तिला. न जेवता झोपलो.

११ नोव्हेंबर

कोट टेबलावर पसरून टेप लावली. छाती, खांदा, बाही, सगळं पानावर लिहिलंय तंतोतंत तसं. म्हणजे हात गेला नाही माझा! जीव भांड्यात पडला. चूक पानाचीच. अकरा वर्षांपूर्वी घाईत लिहिताना आकडे चुकले असणार. त्या पानावर लाल काट मारली.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "असेल."

१८ नोव्हेंबर

मुलीचा फोन. "आई कशी आहे?" ठणठणीत, म्हटलं, माझ्याआधी बारीक झाली. "फोनवर दमल्यासारखी वाटते." म्हटलं, तिचा आवाजच तसा आहे. मग तिला माझ्या पाच फेऱ्यांचं सांगितलं. सलग त्रेचाळीस दिवस, एकही खाडा नाही.

२६ नोव्हेंबर

दोन दिवस काही लिहिलं नाही. मुलगी आली आहे, ती हॉस्पिटलमध्ये थांबली म्हणून मी घरी आलोय.

परवा सकाळी ही नेहमीसारखी बाकावर बसली. निळा कोट घालून. पहिल्या फेरीला हात केला. दुसऱ्या फेरीला केला, थोडा उशिरा. तिसऱ्या फेरीला केला नाही. मान खाली होती. घरून निघताना आमची थोडी कुरबुर झाली होती, मी म्हटलं होतं, यायचं तर लवकर आवर. मला वाटलं, रुसली आहे. म्हटलं रुसू दे. चौथी फेरी केली. तेव्हाही मान खाली. मी बघितलं. मी बघितलं आणि पाचवी पण केली, खाडा नको म्हणून.

जवळ गेलो तर श्वास जोरजोरात चाललेला आणि हाक मारली तर डोळे उघडेनात.

हॉस्पिटलमध्ये नर्सने कोट काढायला घेतला. बटणं सोडावी लागली नाहीत. खांद्याला धरून ओढला आणि उशीचा अभ्रा निघावा तसा सगळा निघून आला. आत ती केवढीशी होती. मी माणसांची मापं घेऊन पोट भरतो. एका खोलीत, एका ताटाशी बसून मला ते दिसलं नाही, आणि जे दिसलं त्याचा मी हेवा केला.

रक्तातली साखर सहाशेच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे एका दिवसात होत नाही, बरेच दिवस चढत गेलेली आहे. खूप तहान लागायची का? दमायच्या का? वजन उतरलं होतं का? अंधुक दिसायचं का? मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेलो. मग त्यांनी विचारणं थांबवलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

२८ नोव्हेंबर

धोका टळला. शुद्धीवर आहे, इन्शुलिन चालू आहे. डोळ्यांचं मात्र आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साखर उतरली की धूसरपणा कमी होईल, पण पडद्यावर काही परिणाम झालाय का ते दोन आठवड्यांनी तपासतील. तिची काजं त्या दोन आठवड्यांवर अडली आहेत. तिने कोणाला विचारलं नाही. नुसतं बोटं बोटांवर घासत होती, दोरा धरल्यासारखी.

मुलगी तिला रागावली. "आई, इतके दिवस अंगावर काढलंस? एका शब्दाने बोलली नाहीस? साधी रक्ततपासणी करायला काय झालं होतं?" ही म्हणाली, "मला काय ठाऊक गं. वय झालं असं वाटलं. ह्यांनीही तसंच म्हटलं." मी खिडकीबाहेर बघत होतो.

संध्याकाळी दुकान उघडायला गेलो तर चष्मेवाला आला. हातात हात घेतला माझा. "मी तुम्हाला म्हटलं होतं मास्तर," हळूच म्हणाला. "कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल." ओरडला असता तर बरं झालं असतं.

मला आठवेना. खरंच आठवेना. ही डायरी काढली. २९ ऑक्टोबर. माझ्याच अक्षरात. वर पँट, खाली पँट, मध्ये ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पान फाडावंसं वाटलं. बोटात धरलंही होतं. फाडलं नाही, पण ते चांगुलपणाने नव्हे. मुलगी जिन्यात आली म्हणून.

२ डिसेंबर

घरी आणलं. मुलगी सुया टोचायला शिकवते आहे मला. पहिल्या दिवशी मी सुई तीनदा खाली ठेवली. शिंपी असून सुईला भितोस, म्हणून मुलगी हसली. ती अजून आईलाच दोष देते, प्रेमाने, पण देते. आणि मी ते चालू देतो. रोज जेवताना ठरवतो, आता चष्मेवाल्याचं सांगू. घास गिळतो आणि गप्प बसतो. त्या दिवशीही जेवतानाच सांगणार होतो.

४ डिसेंबर

दुपारी मुलगी बाहेर गेली होती. ही पडून कंटाळली. वाचता येत नाही, शिवता येत नाही. म्हणाली, "रोज काय लिहिता एवढं? मला वाचून दाखवा."

खाजगी आहे म्हटलं. "माझ्यापासून?" म्हणाली.

वाचायला लागलो. पँट फाटली तिथे खूप हसली, उशी पोटाशी धरून हसली. बिस्किटांच्या स्वप्नालाही हसली. हेव्याचं वाचलं तेव्हा उशी बाजूला ठेवली आणि पुढे म्हणून हात केला. काजांचं वाचलं. २९ ऑक्टोबरला आलो. पँट वाचली, शिट्टी वाचली, आणि मुलीच्या फोनवर उडी मारली. मधलं गाळलं. तिला दिसत नव्हतं.

तिला दिसत नाही याचा मी फायदा घेतला. हे वाक्य लिहून मी दहा मिनिटं त्याकडे बघत बसलो होतो.

५ डिसेंबर

आज मुलगी घरात असताना, दोघींना समोर बसवून, २९ ऑक्टोबरचं पान वाचलं. एकही शब्द न गाळता. मग काल गाळलं होतं तेही सांगितलं. मग तळ्यावरच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीचं.

मुलगी उठून आत गेली. दार आपटलं.

ही म्हणाली, "त्या पँटचा हुक मी सरकवला होता. दोन बोटं. तुम्ही रोज आरशासमोर हिरमुसून उभे राहायचात, म्हणून."

एवढंच. भिंतीकडे तोंड केलं. अंधुक दिसत असताना तिने तो हुक सरकवला, आणि त्या आनंदात मी तिला मरणाच्या दारात नेऊन बसवलं. यापुढे मला लिहिता येत नाही.

८ डिसेंबर

दोन दिवस दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत. इन्शुलिनच्या वेळेला ती दंड पुढे करायची, मी टोचायचो, ती दंड आत घ्यायची. मुलगी माझ्यासमोर ताट ठेवायची आणि निघून जायची. बरोबरच होतं.

आज सकाळी निळा कोट मशीनवर घेतला. म्हटलं, निदान अंगाला तरी बसवू. खांद्याची शिवण उसवायला ब्लेड लावणार एवढ्यात ही दाराला धरून उभी.

"काय करताय?"

"आत घेतो. लोंबतोय."

"किती आत घेणार? माप घेतलंत?"

नव्हतं घेतलं. परत अंदाजानेच चाललो होतो. टेप गळ्यात असून मी अंदाजाने चाललो होतो.

ती आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी, हात जरा बाजूला. अकरा वर्षांनी मी तिचं माप घेतलं. खांदा साडेतेरा. छाती एकतीस. आकडा मोठ्याने बोलायची सवय आहे, एकतीस मात्र नुसतं पुटपुटलो. तिच्या फासळ्या टेपखाली हाताला लागत होत्या.

"लिहा," ती म्हणाली. "आजची तारीख घालून." मी नवीन पानावर लिहिलं.

मग तिने टेप माझ्या हातातून घेतली. चाचपत माझ्या कमरेभोवती फिरवली, आवळली नाही, नुसती टेकवली. "श्वास सोडा. सोडा म्हटलं ना. आता वाचा, मला दिसत नाही."

"चव्वेचाळीस," मी म्हटलं.

"हं. मला माहीत होतं." टेप गुंडाळून तिने माझ्या खिशात ठेवली. "माफ केलंय असं समजू नका. त्याला वेळ लागेल. चार दिवसांनी डोळे तपासायला जायचंय, डॉक्टरीणबाई काय सांगतात ते तुम्ही ऐकायचं, आणि तिथल्या तिथे मला सांगायचं."

मी मान हलवली. मग तिला दिसलं नसेल म्हणून हो म्हटलं.

जाताना तिने मशीनवरचा कोट हाताने शोधला, ब्लेड बाजूला सारलं आणि बाही पोटाशी धरली.

"ह्याला हात लावू नका. तसाच राहू दे. मी येईन त्या मापात परत."